कर्ज मिटलं, नोंद राहिली

जुनी नोंद माणसाच्या किती कामाला येते आणि किती आडवी येते, हे आमच्या अंतरवाली सराटीला नव्यानं सांगायला नको. १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि अंबड तालुक्यातलं हे गाव राज्याला माहीत झालं. पुढं मराठवाडाभर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. पणज्याच्या नावापुढं कोण्या कारकुनानं काय लिहून ठेवलंय, त्यावर पणतवंडाचा जातीचा दाखला ठरायला लागला. ज्या घरांनी त्या एका नोंदीसाठी तहसीलचे उंबरे झिजवले, त्याच घरांच्या नावानं आणखी एक नोंद सतत लिहिली जाते आहे. ती मात्र कोणी मागून बघत नाही. बँकेतले लोक तिला क्रेडिट रिपोर्ट म्हणतात, आपण ‘सिबिल’ म्हणतो. माझं काम तिच्यापाशी अडलं, म्हणून हे लिहितोय.

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आपल्याकडच्या बहुतेक तरुणांना माहीत आहे. मी दुधाच्या धंद्यासाठी अर्ज केला आणि पात्रता प्रमाणपत्र मिळालं. घरात सगळ्यांना वाटलं, काम झालं. पण महामंडळ स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बँक देते; हप्ते वेळेवर भरले तर व्याज महामंडळ परत करतं. त्यामुळं कर्ज द्यायचं की नाही, हे बँकच ठरवते. शाखेतल्या साहेबांनी कागद नीट वाचले, कम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाले, “दादा, प्रस्ताव चांगला आहे, पण सिबिल बसत नाही.”

आमच्याकडं कोणाचा रुपया बाकी नव्हता, असं आम्ही धरून चाललो होतो. रिपोर्ट काढल्यावर दोन नोंदी दिसल्या आणि दोन्ही जुन्या.

पहिली किसान क्रेडिट कार्डाची. जमीन सामाईक, म्हणून कर्जावर वडिलांच्या जोडीला माझंही नाव. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची मोसंबी वाळली, झाडं तोडून सरपणाला विकली. २०१४ ला गारपीट झाली, त्यानंतर पुन्हा पाऊस रुसला. कर्जाचं नवंजुनं, म्हणजे जुनं भरून नवं उचलणं, राहिलं ते राहिलंच. मग २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. थकीत कर्जाला दीड लाखापर्यंत माफी. त्याच्या वरची रक्कम शेतकऱ्यानं आधी भरायची आणि मग सरकारचे दीड लाख जमा व्हायचे. आम्ही वरची रक्कम भरली, सरकारचे पैसे आले, बँकेनं बेबाकी दाखला दिला. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा उतरला, तसा फेरफारही झाला. रिपोर्टमध्ये मात्र ते खातं चालूच होतं. थकीत रकमेच्या जागी दीड लाख, आणि खाली महिन्यांच्या चौकटींची रांग, प्रत्येक चौकटीत हे कर्ज वसुलीच्या दृष्टीनं संशयित असल्याचा शेरा. तलाठ्याच्या दप्तरात आम्ही मोकळे होतो, पण ते दप्तर आणि हा रिपोर्ट यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

दुसरी नोंद चुलतभावाच्या ट्रॅक्टरची. मी जामीनदार होतो. हप्ते थकले, कर्ज देणाऱ्या कंपनीनं काही रक्कम सोडून तडजोडीत खातं मिटवलं. भावाला वाटलं सुटलो. रिपोर्टमध्ये शेरा पडला ‘सेटल्ड’, आणि तो त्याच्या जोडीनं माझ्याही नावावर पडला. जामीनदाराची सही नात्याखातर केलेली असली, तरी नोंदीत ते कर्ज त्याचंही असतं.

पहिली नोंद चुकीची होती, ती दुरुस्त झाली. दुसरी खरी होती, त्यामुळं ती तक्रार करून जात नाही. हा फरक ज्याला कळला, त्याचा निम्मा गोंधळ संपला.

जुनं थकलेलं कर्ज रिपोर्टमध्ये तीन-चार प्रकारे दिसतं. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फिटलं. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेनं कमी घेऊन मिटवलं. ‘रिटन ऑफ’ म्हणजे वसुलीची आशा धूसर म्हणून बँकेनं आपल्या ताळेबंदातून ते काढलं. ते माफ झालं असं अजिबात नाही, बँक वसुली करू शकते. ‘सूट फाइल्ड’ म्हणजे प्रकरण कोर्टात गेलं. कर्ज देणारा माणूस गुणांइतकंच हे शेरेही बघतो. गुण म्हणजे स्कोअर, तो ३०० ते ९०० मध्ये असतो. बुडीत किंवा तडजोडीचा शेरा असेल, तर इतर खाती चांगली असूनही प्रस्ताव परत येतो.

“तीन वर्षं झाली, आता कर्ज बाद झालं,” असं पारावर ठामपणे सांगितलं जातं. मुदतीच्या कायद्यानुसार साध्या, बिनतारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, हे खरं. मधे कर्ज कबूल करून लेखी सही दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर ती मुदत पुन्हा नव्यानं सुरू होऊ शकते. जमीन गहाण असेल तर हिशेबच वेगळा. आणि मुदत गेली तरी ती कोर्टापुरती. रिपोर्टमधली नोंद त्यानं पुसली जात नाही. “सात वर्षांनी आपोआप निघतं,” हेही अर्धवट ऐकलेलं. माहिती किमान सात वर्षं जपून ठेवण्याचं बंधन हा रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. खातं न फिटता पडून असेल आणि बँक त्याची माहिती पाठवत राहिली, तर ते दिसत राहणार.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. आपल्याकडं निवडणूक आली की कर्जमाफीचा शब्द दिला जातो, आणि त्या आशेवर माणसं नवंजुनं थांबवतात. माफी २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंत झाली. अडलेल्या शेतकऱ्याला तिचा आधार मिळाला, आमच्या घरालाही मिळाला. शेतकऱ्यानं ती मागूच नये, असं मी कधीच म्हणणार नाही. पण प्रत्येक योजनेत तारखा, मर्यादा आणि अटी होत्या, आणि त्या नंतर ठरल्या. वाट बघण्याच्या काळात खातं थकीत होतं. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज मुदतीनंतर दोन हंगाम आणि ऊस-मोसंबीसारख्या लांब मुदतीच्या पिकाचं एक हंगाम थकलं, की ते अनुत्पादित धरलं जातं. दुसरीकडं, तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळं ते बिनव्याजी पडतं. ज्याला भरणं खरोखर शक्य आहे, त्यानं केवळ आशेवर खातं बिघडवू नये. ज्याचं पीकच गेलं, त्यानं शाखेत लेखी अर्ज देऊन पुनर्गठन मागावं. नैसर्गिक आपत्तीत बँकांना तशी तरतूद आहे.

“पीककर्जाला सिबिल लागत नाही ना?” असं मला बरेच जण विचारतात. २०२५ च्या खरिपाआधी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं बजावलं होतं. शाखेत अडवणूक झाली तर लेखी नकार मागा आणि जिल्हा अग्रणी बँकेच्या कार्यालयाकडं तक्रार करा. पण ते पीककर्जापुरतं. गोठा, ट्रॅक्टर, घर, दुकान यांच्या कर्जाला रिपोर्ट बघितला जातोच.

काय करायचं, क्रमानं

आधी रिपोर्ट काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हायमार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्यानं गुण कमी होत नाहीत.

प्रत्येक खातं ओळखीचं आहे का, जामीनदारीची खाती कोणती, शेरा काय आणि थकीत रक्कम किती, हे बघा. घरातल्या बायकांचे रिपोर्टही काढा. बचत गटाच्या कर्जाची माहितीही या कंपन्यांकडं जाते. पैसा घरखर्चाला लागलेला असतो आणि थकल्याची नोंद तिच्या एकटीच्या नावावर बसते. हा तिच्यावर अन्याय आहे. तो आपणच थांबवू शकतो.

नोंद चुकीची असेल तर बेबाकी दाखला, खात्याचा उतारा आणि माफी जमा झाल्याची पासबुकातली नोंद लावून बँकेला आणि रिपोर्टच्या कंपनीला दोघांनाही तक्रार द्या. पोच घ्या. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. अर्जाला पैसे लागत नाहीत, चौकशीचा क्रमांक १४४४८.

नोंद खरी असेल तर ती सुधारण्याचा एकच रस्ता, बाकी भरणं. तडजोड करण्याआधी शाखेला विचारा, पूर्ण भरलं तर किती आणि त्यात दंडव्याज किती सोडाल. आधीच तडजोड झाली असेल, तर सोडलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ अशी नोंद कराल का, हे लेखी विचारा. मी आणि चुलतभावानं ट्रॅक्टरचं कर्ज देणाऱ्या कंपनीला तेच विचारलं आणि उरलेली रक्कम दोघांत वाटून घेतली. पैसे भरण्याआधी पत्र हातात घ्या, तोंडी शब्दावर भरू नका. शेतीकर्ज सोडून इतर कर्जात तडजोड झाली, तर त्या बँकेकडून पुढं किमान १२ महिने नवं कर्ज मिळत नाही, हेही धरून चाला.

“पाच हजारांत सिबिल क्लिअर करून देतो” म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खरी नोंद पैसे घेऊन पुसण्याचा अधिकार कोणालाच नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला एजंटाची गरज नाही. आधार, पॅन आणि ओटीपी मात्र त्याच्या हाती गेलेले असतात.

वडील वारले असतील आणि कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर असेल, तर ते मुलाच्या रिपोर्टमध्ये येत नाही. देणं वारसात आलेल्या मालमत्तेपुरतं असतं. मात्र जमिनीवरचा बोजा तसाच राहतो. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून मुलाची सही असेल, तर ती नोंद त्याचीही असते. दुःखाच्या दिवसांत कोणी पुढं केलेल्या कागदावर न वाचता सही करू नका.

बँकेनं नाकारलं की आपला माणूस शेकडा चार-पाच रुपये महिन्यानं पैसा उचलतो आणि त्या व्याजात जमीन जाते. म्हणून हा एवढा खटाटोप. घरात लेकरू बारावीला असेल, तर निकालाची वाट बघू नका. शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून तुमची सही लागणार आहे आणि बँक तुमचाच रिपोर्ट उघडणार आहे. चुकीची नोंद निघायला महिना-दोन महिने जातात आणि प्रवेशाची तारीख तेवढी थांबत नाही.