वर्सोव्याहून कळसूबाई, भंडारदऱ्याच्या वाटेनं

दसरा झाला आणि कोजागिरी अजून यायची आहे, त्या चार-पाच दिवसांत निघा. दिवाळीपर्यंत कधीही गेलात तरी चालेल, पण हे दिवस खरे. पाऊस ओसरलेला असतो, धरण भरलेलं असतं, भातं पिवळी पडू लागतात आणि उतारावर सोनकी अजून टिकून असते. नवरात्रात मात्र भटकंतीसाठी जाऊ नका. ते नऊ दिवस कळसूबाईच्या यात्रेचे, तेव्हा वाट भाविकांना मोकळी असावी.

वार निवडा रविवार-सोमवार. शनिवारी रात्री मुंबई, पुणे, नाशिककडची पोरं डोंगर चढतात आणि रविवारी पहाटे कातळावरच्या शिडीखाली रांग लागते. म्हणून रविवारी धरणाचं पाणी, सोमवारी शिखर. एक रजा पडेल, ती टाका.

आदल्या संध्याकाळी पिशवी भरा. माणशी दोन लिटर पाणी, बॅटरी, स्वेटर, तळ न झिजलेले बूट, पन्नास-शंभरच्या सुट्या नोटा. मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही, त्यामुळे पैसे रोख हवेत. मग वर्सोव्याच्या बाजारातून पाव किलो सुके बोंबील घ्या. कागदात गुंडाळून दोन पिशव्यांत घट्ट बांधा. ते कशाला, ते पुढे येईल.

पहाटे साडेपाचच्या सुमारास वर्सोव्याहून पहिली मेट्रो सुटते. घाटकोपरपर्यंत ४० रुपये. तिथून कसारा लोकल पकडा. पुढचे शंभरेक किलोमीटर ती मेट्रोपेक्षाही कमी पैशांत नेते. कसारा गाड्या मोजक्याच असतात, म्हणून वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवा. घाईत आसनगाव लोकलमध्ये चढू नका, ती बरीच अलीकडे संपते.

कसारा स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर जीप उभ्या असतात. बसण्याआधीच ‘घोटीला उतरणार’ असं सांगून भाडं ठरवा. जीप कसारा घाट चढून इगतपुरीवरून घोटीला आणते. भाताच्या गिरण्यांचं हे गाव. इथे पोटभर नाश्ता करा आणि भंडारदऱ्याकडे जाणारी एसटी किंवा जीप विचारा. जी आधी सुटेल तिच्यात बसा. वाटेत बारी लागेल. कळसूबाईची चढण इथूनच सुरू होते आणि रात्री मुक्कामाला इथेच यायचं आहे. दोन मिनिटं गाडी थांबली तर उतरून एखाद्या घरी रात्रीची सोय बोलून ठेवा. पुष्कळ घरं पाहुणे ठेवतात. जेवण, अंथरूण आणि सकाळचा चहा धरून माणशी किती, ते आधीच विचारा. मग घासाघीस करू नका. लोकल आणि एसटीत वाचवलेला पैसा याच घरात जायला हवा. माझ्या लेखी स्वस्तात जाण्याचा अर्थ तोच.

दुपारपर्यंत शेंडीला पोहोचाल. हे भंडारदरा धरणाकाठचं गाव. प्रवरेवरच्या या विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. पलीकडच्या संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला पाणी मिळतं ते इथलंच. धरणापर्यंत चालत जा, मग पाण्याच्या कडेनं जमेल तेवढं भटका आणि बसा. रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वर हे सगळं याच दुपारी कोंबू नका. अमृतेश्वर तर वेगळ्या दिवसाच्या लायकीचं आहे. पाण्यात मात्र उतरू नका. आमच्या वर्सोव्याच्या खाडीत पोहणाऱ्या पोरांना हे मी पुन्हापुन्हा सांगते: खाऱ्या पाण्यात तरंगणारं अंग गोड्या पाण्यात जड होतं, आणि इथला काठ एकाएकी खोल जातो.

उन्हं कलली की बारीला परता. अंधारानंतर गाडी मिळणं कठीण. आता बोंबील बाहेर काढा आणि घरच्या बाईंना द्या. घाटमाथ्यावर सुक्या मासळीला मोठा मान आहे. चुलीवर भाजलेले बोंबील, ठेचा, भाकरी आणि भात. इथले महादेव कोळी आणि आमचे सोनकोळी हे निराळे समाज, पण त्या जेवणात बोलायला विषय कमी पडत नाहीत. कळसूची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका. कळसू ही कोळ्याची मुलगी. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर एका घरी कामाला राहिली. एके दिवशी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिनं ती घासली, मग डोंगरावर निघून गेली आणि शेवटपर्यंत वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. दिलेला शब्द मोडला म्हणून घर सोडणारी ही मुलगी मला फार जवळची वाटते.

पहाटे चारला चढायला लागा. चढ सुमारे ९०० मीटरचा, सवय नसेल तर साडेतीन-चार तास धरा. कातळ येतो तिथे लोखंडी शिड्या आहेत. एका वेळी एकानंच चढावं, कठडा दोन्ही हातांनी धरावा, फोन खिशात. ऑक्टोबरचं ऊन लागलं की लोखंड तापतं, पहाटे निघायचं ते त्यासाठीही. वाटेत गावकऱ्यांची ताक-सरबताची खोपटी लागतात. तिथेच प्या, तिथेच थांबा. शेवटच्या शिडीआधी विहीर आहे.

वर १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. छोटं देऊळ, आणि चौफेर डोंगर. अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळखा. मग दक्षिणेकडे वळा. काल ज्याच्या काठी बसला होता ते पाणी खाली पसरलेलं दिसेल, आणि आपण बसलो होतो तो दगड कुठला हे बोट दाखवून शोधता येईल. म्हणूनच पाणी आधी आणि डोंगर नंतर. उलट क्रमानं गेलं तर हे मिळत नाही.

उतरताना गुडघे जपा, शिडीकडे तोंड करूनच उतरा. बारापर्यंत बारीत जेवून घोटी गाठा. तिथून गिरणीचा दोन-तीन किलो इंद्रायणी तांदूळ घ्या. कसाऱ्याहून दुपारची लोकल मिळाली तर संध्याकाळी घाटकोपरला पोहोचाल. वर्सोवा मेट्रोत बसायला जागा मात्र मिळणार नाही. तांदळाची पिशवी पाठीवर नाही, पुढे घ्या.