पहिल्या क्विझनंतरचे पंधरा दिवस

पवईच्या आयआयटीत यंदा आलेल्या मुलांनो, विशेषतः लातूर, जळगाव, सांगलीकडच्यांनो, पहिल्या क्विझनंतरचे पंधरा दिवस जपा. क्विझ अवघड जाणार, ती जातेच. जेईईत आपण लिमिट काढायला शिकलो. इथे एप्सिलॉन-डेल्टा घेऊन ती लिमिट खरी आहे हे सिद्ध करावं लागतं. शॉर्टकट तिथे चालत नाहीत. त्यात ग्रेडिंग वर्गाच्या तुलनेत. शंभरात पंचेचाळीस मिळूनही कधी ग्रेड चांगली लागते, कधी सत्तरलाही लागत नाही. आणि वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेचा पहिला. तेव्हा आकडा पाहून स्वतःची किंमत ठरवू नका.

माझ्या विंगमधला एक मुलगा माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता. कॅल्क्युलसच्या क्विझनंतर तो खोलीतच राहू लागला. आम्हाला वाटलं, अभ्यास करतोय. तो रात्रभर जागायचा, साडेआठचं लेक्चर बुडायचं, मग मेसमधला नाश्ताही. एक ट्युटोरियल चुकलं म्हणून पुढच्याला जायची लाज वाटू लागली. सप्टेंबरात मिडसेम आली तेव्हा दोन विषयांत त्याला प्रश्नच ओळखीचे वाटेनात. एक विषय त्याला पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा लागला. आज त्याचं उत्तम चाललंय, पण ते वर्ष त्याने एकट्याने सोसलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, काहीही झालं तरी ट्युटोरियल सोडू नका. शीटमधली दोनच गणितं सुटली असतील तर तेवढी घेऊन जा आणि तिसऱ्यात नेमकं कुठे अडलं ते विचारा. इंग्रजी अडखळलं तर हिंदीत विचारा. शिकवणारे टीए बहुतेक संशोधन करणारे विद्यार्थीच असतात, समजून घेतात. मोठ्या लेक्चर हॉलमध्ये हात वर करायचा धीर मलाही झाला नव्हता. ट्युटोरियलच्या छोट्या बॅचमध्ये तो होतो.

मन जडच राहिलं, झोप उडाली, तर स्टुडंट वेलनेस सेंटर कॅम्पसवरच आहे. ‘एवढ्याशा कारणासाठी कसं जायचं’ असं मनात येईल. जा. सीनियर मेंटॉर दिलेला असतो, त्याला रात्री अकरालाही मेसेज चालतो.

आणि घरी ‘सगळं ठीक आहे’ म्हणून फोन ठेवू नका. आईबाबांना खरे मार्क सांगा, वर्गाची सरासरीही सांगा. शेजारच्या खोलीचं दार दोन दिवस बंद दिसलं तर जेवायला हाक मारा, उत्तर आलं नाही तर पुन्हा वाजवा.