रानउंदराचा संसार आणि जनुकाची करामत



उंदीर म्हटला की आपल्याला फडातली कुरतडलेली कांडीच दिसतात. आज मात्र अमेरिकेतल्या दोन रानउंदरांची गोष्ट सांगतो.

प्रेअरी व्होल हा गवताळ माळावरचा. नर-मादीची जोडी एकदा जमली की बहुधा मरेपर्यंत टिकते, पिल्लं वाढवायला नरही राबतो. त्याचाच भाऊबंद मेडो व्होल मात्र एका मादीजवळ थांबत नाही. असे का? व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दोघांच्याही अंगात असते. पण ते झेलणारे प्रथिन मेंदूत कुठे आणि किती, यात फरक आहे. हे प्रथिन जनुकाच्या हुकमाने बनते.

२००४ साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी प्रेअरी व्होलचे ते जनुक विषाणूमार्फत मेडो व्होल नरांच्या मेंदूत सोडले. काय आश्चर्य, ते भटके नर आपापल्या मादीला बिलगून बसू लागले!

मग सगळे जनुकावरच का? तसेही नाही. ऑक्सिटोसिन झेलणारे प्रथिनही जोडीसाठी अत्यावश्यक समजले जाई. २०२३ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक मोडलेले प्रेअरी व्होल तयार केले. तरी त्यांच्या जोड्या जमल्याच!

आपला अनुभव तरी काय वेगळा? को ८६०३२ चे एकच बेणे दोघे भाऊ लावतात, पण उतारा सारखा येत नाही. गुण बेण्यात असतो, तसा माती, पाणी आणि मशागतीतही असतो. तेव्हा बेण्याला बोल लावण्याआधी एकदा आपले रान बघा.

— ऊस विकास अधिकारी