ॲक्सलवर गाडीचा नंबर नसतो

अमेरिकेत जुनी मसल कार घेणारे बहुतेक जण बॉनेट उघडतात, इंजिनवरचा नंबर पडताळतात आणि खूश होतात. गाडीखाली शिरायची हौस फार थोड्यांना. डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या माझ्या एका मित्राने 1969 ची कॅमेरो एसएस 396 घेतली, तेव्हा ‘मूळचा ट्वेल्व्ह-बोल्ट’ म्हणून मागच्या ॲक्सलपोटी त्याने चांगली घसघशीत रक्कम मोजली होती. गाडी घरी आल्यावर मी खाली शिरलो.

कव्हरला बारा बोल्ट होते, पण त्यावरून काही ठरत नाही. शेवरलेने ही जात शेव्हेल आणि नोव्हालाही लावली. पिकअपचाही बारा बोल्टांचा ॲक्सल आहे, फक्त त्याच्या पिनियनचा दांडा बारीक. शेव्हेलला मागे कॉइल स्प्रिंग असतात, म्हणून तिच्या हाउसिंगवर कंट्रोल आर्मसाठी दोन कान असतात. कॅमेरो पाट्यांवर उभी, तिला कान नाहीत. कान कापून ग्राइंडर फिरवला असेल तर हाताला कळतं. इथे तसं काही नव्हतं.

मग उजव्या ट्यूबची पुढची बाजू वायर ब्रशने घासली. (विकायच्या गाडीला काळा रंग नेमका तिथेच का जाड बसतो, देव जाणे.) ठोकलेला कोड निघाला: गिअर रेशोची अक्षरं, पुढे जुळणीची तारीख, 6 मार्च. इंजिनमागच्या पत्र्यावरच्या पट्टीवर 03B, म्हणजे बॉडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. सगळं बरोबर जमत होतं. जरा जास्तच बरोबर.

म्हणून मधल्या ओतीव भागावरचं ग्रीस पुसलं. तिथली अक्षरं ठोकलेली नसतात, साच्यातूनच उठून येतात. E 14 9. A म्हणजे जानेवारी, तेव्हा E म्हणजे मे: 14 मे 1969. मे महिन्यात ओतलेलं हाउसिंग त्याच मार्चमध्ये जुळवणार कसं? ट्यूबवरचा कोड कुणीतरी नंतर ठोकला होता.

1969 च्या कॅमेरोत इंजिन आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या नंबराचा तुकडा असतो, ॲक्सलवर नसतो. त्यामुळे ॲक्सल ‘याच गाडीचा’ असं लोखंडावरून कुणीच सिद्ध करू शकत नाही. ‘याचा नव्हे’ एवढंच सिद्ध होतं. त्यातल्या त्यात भरवसा कारखान्याच्या बिल्ड शीटचा. तो कागद कधी कधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो, तेव्हा टाकी उतरवायचा आळस करू नका.

आतले गिअर ही वेगळीच भानगड. ड्रॅग रेसवाल्यांनी ते सर्रास बदललेत. कव्हर उघडून क्राउनच्या कडेवरचे आकडे वाचा: 41 आणि 11 म्हणजे 3.73, 41 आणि 10 म्हणजे 4.10. कोड एक आणि दात दुसरेच असतील, तर निदान गिअर तरी बदललेत.

मित्राला पैसे परत मिळाले नाहीत. कागदावर फक्त ‘ट्वेल्व्ह-बोल्ट ॲक्सल’ लिहिलं होतं, आणि ते तर खरंच होतं. तुम्ही ओतकामाची तारीख आणि ठोकलेला कोड, दोन्ही करारात लिहून घ्या, आणि तेही गाडी जॅकवर असतानाच.