आधी उतार, मग चढ: हुपरीहून करूळ घाट

कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्री ओलांडून कोकणात उतरणारे गाडीरस्ते मोजकेच आहेत. उत्तरेकडून पाहिले तर आंबा आणि अणुस्कुरा, मग गगनबावड्याहून फुटणारे भुईबावडा आणि करूळ, त्यांच्या खाली फोंडा आणि दक्षिणेला आजऱ्याकडचा आंबोली. हुपरीहून सायकलवर निघून त्याच दिवशी परत यायचे असेल तर करूळ त्यातल्या त्यात आवाक्यातला. मित्राबरोबर तिकडे निघालेला एक भाचा आणि तरुणपणी घाट पालथे घातलेला त्याचा मामा, दोघेही हुपरीचेच, यांच्या बोलण्यातून या एका दिवसाची मांडणी पुढे दिली आहे.

भाचा: मामा, बेत सोपा आहे. पहाटे निघायचं, ताज्या पायांनी घाट चढायचा, वर नाश्ता करायचा आणि उताराचा फायदा घेत घरी यायचं.

मामा: घाट चढायचा? लेका, आपण वरच आहोत. हुपरी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, गगनबावडा सातशेच्या आत-बाहेर. म्हणजे पंचाहत्तर किलोमीटरमध्ये जेमतेम दीडशे मीटर चढ, तोही पायाला कळणार नाही असा. त्यानंतर दहा-बारा किलोमीटरमध्ये पाचशे मीटर खाली. सह्याद्रीची पूर्वेची बाजू सावकाश उतरते, पश्चिमेला सरळ कडा तुटतो. बावड्याला पूर्वेकडे पडलेलं पाणी कुंभीतून पंचगंगेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. कड्यापलीकडे पडलेलं वाघोटण खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. देशावरच्या माणसाला घाट आधी उतरायचा असतो आणि खरा चढ परतीला, दमलेल्या पायांनी.

भाचा: म्हणजे सकाळी सकाळीच तो मोठा उतार! मग ब्रेक गरम होऊन निकामी झाले तर?

मामा: अजून हुपरी सोडली नाही आणि ब्रेकवर पोचलास. क्रमाने चल.

पहिला प्रश्न वेळेचा. हुपरी ते कोल्हापूर वीस किलोमीटर, कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न, पुढे घाट. जाऊन-येऊन पावणेदोनशेच्या घरात. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल उपक्रमात २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात आणि त्यात चहा-जेवणही धरलेलं असतं. त्या मानाने हे अंतर बारा तासांत बसतं. मात्र डिसेंबरात इकडे दिवसाचा उजेड अकरा तासांचाच असतो. त्यामुळे पहाटे पाचला, पुढे-मागे दिवे लावून निघावं लागतं.

भाचा: ठीक. पाच. आणि ऋतू?

मामा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आपल्या शिरोळकडे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जुलैत घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही आणि धुक्यात दहा पावलांवरची गाडी दिसत नाही. फोटो छान येतात म्हणून लोक जातात. जाऊ देत.

भाचा: हिवाळ्यात मग त्रास काहीच नाही.

मामा: आहे की, उसाचा. गळीत हंगाम आणि सायकलचा हंगाम एकच. पहाटे कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याकडे, पुढे असळजच्या बाजूला, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि ट्रॅक्टरवाल्याचं गाणं इतकं मोठं की तुझी घंटा त्याच्या कानावरही पडत नाही. पूर्वी आम्ही सायकलला पिशवी अडकवून कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, चांदीचा माल द्यायला जायचो, तेव्हा रस्ता निम्मा होता पण त्यात सायकलला जागा होती. आता रस्ता दुप्पट झाला आणि सायकलवाला गटारीच्या कडेला गेला. लाल दिवा लाव, अंगात उजळ कपडे घाल आणि ट्रॉलीला डावीकडून कधी ओलांडू नकोस.

बळिंग्याचा पूल ओलांडून कळ्यापर्यंतचा रस्ता सपाट आहे. दोघांच्या सोबतीचा फायदा याच टप्प्यावर सर्वांत जास्त मिळतो.

भाचा: सोबतीचा फायदा म्हणजे गप्पा?

मामा: वारं. सपाटीवर ताशी पंचवीसने जाताना बहुतेक जोर हवा कापण्यात जातो. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चालवलं तर मागच्याचं पाव हिश्शाच्या आसपास काम वाचतं. पाच-दहा मिनिटांनी पाळी बदलायची. पुढच्याने खड्डा दिसला की हाताने दाखवायचा, कारण मागच्याला तो दिसत नाही. चढावर मात्र यातलं काहीच उपयोगी नाही. ताशी आठच्या वेगाला हवेचा अडथळा नगण्य असतो. तिथे ज्याची त्याची चाल. मित्राच्या चालीने चढायला गेलेला माणूस एक तर गुदमरतो, नाहीतर कंटाळतो. वर भेटायचं ठरवा आणि सोडून द्या.

भाचा: बरं. आता बावडा आला. आता तरी ब्रेक?

मामा: आता ब्रेक. तू आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरू. पाचशे मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते ती जवळजवळ चारशे किलोज्यूल. सगळी उष्णता झाली तर सव्वा लिटर गार पाण्याला उकळी येईल.

भाचा: मग मी म्हणत होतो तेच!

मामा: पुढचं ऐक. ती सगळी ब्रेकमध्ये जात नाही. घाटाची सरासरी पाच टक्के धर, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर. ब्रेक अजिबात न लावता सोडलीस तर वेग वाढत वाढत ताशी चाळीस-पंचेचाळीसवर थांबतो, कारण तिथे हवेचा अडथळा आणि उताराची ओढ सारखी होते. म्हणजे मोठा वाटा हवाच खाते. अखंड ब्रेक दाबून ताशी पंचवीसने आलास तर दोन्ही चाकांत मिळून दीडशे वॅटच्या आसपास उष्णता होते. अॅल्युमिनियमच्या रिमला ती झेपते. धोका आहे तो डबलसीटला, सामान लादलेल्या सायकलला आणि याहून बराच तीव्र उतार असेल तर. तिथे रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते आणि ट्यूब फुटू शकते.

भाचा: मग इथे ब्रेक जाणारच नाहीत?

मामा: जातील, पण तापून नाही. झिजलेल्या रबराने जातील, किंवा वायर तुटून. वायर तुटते ती बहुधा ब्रेकच्या दांड्यापाशी, जिथे ती वाकते. आधी एक धागा सुटतो, मग दुसरा. आदल्या रात्री दांडा दाबून आत बॅटरी मारून बघायचं. तोळ्या-ग्रॅमला डोळ्यांत तेल घालून बघणारी आपली माणसं, आणि ज्याच्यावर जीव आहे ती वायर वर्षभर बघत नाहीत!

भाचा: आणि तरीही ऐन उतारावर तुटली तर?

मामा: म्हणून ब्रेक दोन असतात, दोघांच्या वायरी वेगळ्या. एक गेला तर दुसऱ्याने थांबायचं, आणि थांबायचंच. एका ब्रेकवर घाट पुरा करायचा नाही. पुढचा ब्रेक जास्त ताकदीचा, कारण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं. तो एकदम आवळला तर मागचं चाक उचलतं. म्हणून बूड मागे सरकवायचं आणि दोन्ही बोटाबोटाने दाबायचे.

भाचा: म्हणजे शेवटी सगळं ब्रेकवरच.

मामा: सगळं वेगावर! हे एवढं गणित डोक्यात ठेव. ताशी त्रेचाळीसला नीट ब्रेक लावून थांबायला अठरा मीटर लागतात, त्याआधी डोळ्यांना दिसून बोटं हलेपर्यंत बारा मीटर गेलेले असतात. वेग निम्मा केलास तर थांबायचं अंतर चौथाई, साडेचार मीटर. नागमोडी वळणाची त्रिज्या दहा मीटर असेल तर ताशी वीस-बावीसच्या पुढे तिथे भरवसा धरू नये. म्हणून सरळ भागावर छाती उभी करून वारं अंगावर घ्यायचं, वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक लावून वेग खाली आणायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा. वळणात ब्रेक आवळला आणि खाली वाळू असली तर चाक निसटतं. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून बोटं मोकळी करायची, कारण उतारावर ब्रेकच्या आधी बोटं थकतात.

भाचा: मामा, एवढं गणित करून कोण सायकल चालवतं?

मामा: चालवताना कोणीच नाही. आदल्या रात्री करायचं असतं. उतारावर दोघांत मोकळं अंतर ठेवा. तिथे एकमेकांच्या मागे चिकटायचं नाही. वर येणाऱ्या एसटीला वळणावर पूर्ण रस्ता लागतो, तो द्यायचा. एसटीवाले त्यातले शहाणे, हॉर्न देऊन येतात.

भाचा: रस्ता कसा आहे?

मामा: तो विषय काढू नकोस. २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी घाट बंद केला, तो वर्ष उलटून गेलं तरी बंदच होता. सगळी वाहतूक भुईबावड्यावर आणि फोंड्यावर. आम्ही एकेरी रस्त्यावर पाव आयुष्य काढलं, पण घाट चालू होता! आता काँक्रीट आहे. त्यावर पकड चांगली असते, फक्त लांबीच्या सांध्यात अरुंद टायर जाऊ द्यायचा नाही. जायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का ते विचारायचं.

दिवसाचा खरा निर्णय पायथ्याशी पोचण्याआधीच घ्यावा लागतो. वैभववाडीला कोकण रेल्वेचे स्थानक आहे, पण ते कोल्हापूरला जोडलेले नाही.

मामा: ही आपली जुनी जखम. कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ साली, मिरजेकडून. सव्वाशे वर्षांवर काळ लोटला, ती पश्चिमेकडे पुढे गेलीच नाही. वैभववाडी मार्गाची घोषणा ऐकत आमच्या पिढीचे केस पिकले. रूळ असते तर दमलेला पोरगा सायकल घेऊन डब्यात बसला असता. आता पायथ्याशी दम संपला तर टेम्पोवाल्याच्या पाया पडायचं.

भाचा: मग पायथ्यापर्यंत जायचं की नाही हे वरच ठरवायचं?

मामा: शाबास. गगनबावड्याला घड्याळ बघायचं. साडेनऊच्या आत पोचलात आणि पायांत गोळे आले नसतील तर उतरा. नाहीतर गगनगडाकडे बघा, चहा घ्या आणि परत फिरा. दीडशे किलोमीटर झाले की. उतरलात तर खाली साडेदहाच्या पुढे रेंगाळायचं नाही. अकरानंतर कोकणात उन्हाबरोबर दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि अंग गार होत नाही.

भाचा: चढाचं सांगा. ब्रेकचं काम तर तिथे नाही.

मामा: हुश्श. तिथे काम गिअरचं. आमच्या काळ्या सायकलला पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जायची. ताशी आठने चढायचं तर मिनिटाला पंचवीसच फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला उभं राहून अंगाचं वजन टाकायचं. गुडघे तिथेच गेले. तुमच्या सायकलला पुढे चौतीस, मागे बत्तीस मिळतात. एका फेऱ्यात सव्वादोन मीटर, म्हणजे त्याच वेगाला साठ फेरे, बसून. फ्रान्सच्या टूर शर्यतीतसुद्धा साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारे गिअर १९३७ पर्यंत चालू दिले नव्हते. गडी टूरमालेसारखे घाट त्यांच्याशिवाय चढले. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याला जो पहिला पोचतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तुम्हाला राजा व्हायचं नाही, घरी यायचंय. हलका गिअर आधीच टाका, दम लागल्यावर नाही.

भाचा: दम किती लागेल?

मामा: ताशी नऊने पाच टक्के चढायला एकशेदहा वॅट पुरतात. तेवढ्याच जोरावर सपाटीला पंचवीसने जाता येतं. म्हणजे सकाळी कळ्याला जेवढा जोर लावला होता तेवढाच. फक्त तो सव्वा-दीड तास न सोडता लावायचा. दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत, नाहीतर चाल कमी कर. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, चिमूट मीठ, आणि तासाला पन्नासेक ग्रॅम गोड: गूळ, केळी, चिक्की. भूक लागायच्या आधी खायचं. खाली कोकम सरबत मिळतं, ते प्या.

भाचा: खाणं कळलं. आणि परतीला बावड्याच्या पुढे उतार लागतो ना? तिथे ब्रेक...

मामा: अरे, पंचाहत्तर किलोमीटरमध्ये दीडशे मीटरचा उतार तो! तिथे ब्रेकला पोरखेळ आहे. दुपारनंतर कोकणातून वर येणारं वारं बहुधा पाठीशी असतं, ते फुकटचं घ्यायचं. असळज, कळे, बळिंगे, मग कोल्हापूरची गर्दी. दोघांतला जो जास्त दमला असेल त्याला मागे ठेवायचं आणि पुढच्याने त्याच्या चालीने चालवायचं. शहरात मागे-पुढे चिकटून चालवायचं नाही. गोकुळ शिरगावपासून कारखान्यांच्या पाळीची वाहनं सुरू होतात, दिवे तिथेच लावा. बारा वाजता घाटाच्या वर असलात तर पट्टणकोडोली ओलांडून सहाच्या आत घरी. उशीर झाला तर कोल्हापूरला थांबा आणि फोन करा, गाडी घेऊन येतो.