जूनचे पैसे कापसातून काढून ठेवा

खान्देशात गरिबाघरचं पोरगं हुशार निघालं की गावात कुणीतरी राजेंद्र भारूड यांचं नाव घेतं आणि कुणीतरी कोटा नाहीतर लातूरच्या क्लासची फी विचारून येतं. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे भारूड आधी डॉक्टर आणि मग आयएएस झाले, त्यांच्या आईनं मोहाची दारू विकून घर चालवलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पाचवीत असताना शिक्षकांनी त्यांची हुशारी ओळखून आईला सांगितलं आणि ते नवोदयला गेले, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तुमचं पोरगं आज पाचवीत असेल तर क्लासची चौकशी राहू द्या, नवोदयचा अर्ज भरा. जळगाव जिल्ह्याचं नवोदय भुसावळजवळ साकेगावला आहे.

मी पारोळा तालुक्यातला. घरची जमीन कोरडवाहू, पीक कापूस. बारावीनंतर मला सुरतच्या एनआयटीत जागा लागली. आमच्याकडून सुरत पुण्यापेक्षा जवळची, अमळनेरला गाडीत बसलं की थेट. जागा लागली ती ऐन पेरणीच्या दिवसांत. बियाणं आणि खतात होतं नव्हतं ते गेलेलं, कृषी केंद्राची उधारी वेगळीच. जागा पक्की करायची रक्कम मोजक्या दिवसांत ऑनलाइन भरायची होती. आप्पांनी व्यापाऱ्याकडून पुढच्या कापसावर उचल मागितली, मामांनी थोडे दिले. पैसे पुरे झाले तोवर मुदत टळून गेली होती. मी जळगावात बीएस्सी केलं. आता धुळ्यात अकरावी-बारावीला शिकवतो आणि जून आला की पोरांच्या मार्कांआधी त्यांच्या बापाच्या खात्याची चौकशी करतो.

हे आमच्याच घरचं म्हणावं तर तसं नाही. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या अतुल कुमारला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. वडील मजूर. भरायचे होते 17,500 रुपये, तेही वेळेत भरले गेले नाहीत आणि जागा गेली. 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं अनुच्छेद 142 चा अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. 2021 मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या प्रिन्स जयबीर सिंगचे पैसे वेळेत भरले गेले नव्हते. त्यालाही न्याय दिल्लीतच मिळाला. दोघांच्या बातम्या झाल्या, बरं झालं. पण पारोळ्याहून सर्वोच्च न्यायालयात कोण जाणार?

आपला पैसा येतो दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आणि प्रवेश होतात जून-जुलैत, हातात दमडी नसताना. म्हणून बारावीच्या वर्षी कापूस विकला की जागा पक्की करण्याची रक्कम त्याच दिवशी वेगळी काढा. पोराच्या नावावरच्या खात्यात टाका, आणि त्या खात्यातून एका वेळी किती रक्कम ऑनलाइन भरता येते ते बँकेत विचारून घ्या. पैसे असून मर्यादेपायी व्यवहार अडलेला मी पाहिला आहे. लग्नसराईत त्या पैशाला हात लागतो, हेही पाहिलं आहे.

आता कागद. ओबीसी असाल तर केंद्राच्या संस्थांना राज्याचा नॉन-क्रिमिलेअर दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तोही त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला. तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतूत जा; निकालानंतर तिथे उभं राहायला जागा नसते. या दाखल्यासाठी पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे सेतूवाल्यालाही कधीकधी आपणच सांगावं लागतं. राज्याचं एसईबीसी आरक्षण आयआयटी-एनआयटीत नाही. मराठा पोराकडे कुणबी दाखला नसेल तर उरतं ईडब्ल्यूएस, आणि तिथे मेख अशी की घरची शेतजमीन 5 एकर किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्राचा दाखला मिळत नाही. शिंदखेड्याकडचं सहा एकर मुरमाड आणि रावेरची सहा एकर केळी या नियमाला सारखीच. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण फॉर्म भरताना माझ्या वाटण्याला किंमत नाही. सातबारे आधी मोजा.

आयआयटीची वर्षाची 2 लाख ट्यूशन फी ऐकून कित्येक आई-बाप पसंतीक्रमातून ते नावच काढायला लावतात. तसं करू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ही फी माफ आहे. इतरांचं घरचं उत्पन्न वर्षाला 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, 1 ते 5 लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. राज्यातल्या व्यावसायिक कॉलेजांत कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन फी 2024 पासून सरकार भरतं, उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर.

ही माफी शिकवणीच्या फीची. मेस, वसतिगृह, लॅपटॉप हे खर्च राहतातच, आणि आमच्याकडची पोरं बहुधा इथेच अडकतात. नामांकित संस्थांसाठी 2024 च्या नोव्हेंबरात पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली आहे. तिच्यात कर्जाला तारण लागत नाही, जामीनदारही नाही. बँकेत सातबारा मागितला तर योजनेचं नाव घेऊन पुन्हा विचारा, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा.