पाठ 14 : औषधाची किंमत आणि आपलं बिल

वाचण्याआधी : तुमच्या घरी किंवा नात्यात कुणाला मधुमेह आहे का? घरात त्याला काय म्हणतात, 'शुगर' की 'डायबिटीस'?

संयुक्त अरब अमिरातीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची किंमत दुकानदार ठरवत नाही, सरकार ठरवतं. म्हणून दुबईत घ्या की शारजात, त्याच कंपनीच्या त्याच गोळ्यांची ठरलेली किंमत एकच असते. फार्मसीवाला त्याहून जास्त मागू शकत नाही. भारतात पाकिटावर 'एमआरपी' छापलेली असते, तसंच काहीसं.

पण ही किंमत म्हणजे तुमचं बिल नाही. बिल विम्यावर अवलंबून असतं. 1 जानेवारी 2025 पासून सगळ्या अमिरातींमध्ये खासगी नोकरी करणाऱ्यांसाठी आरोग्य विमा सक्तीचा आहे. त्यातल्या साध्या योजनेत औषधाच्या किमतीचे 30 टक्के आपण भरायचे असतात आणि औषधांसाठी वर्षाला 1500 दिरहमची मर्यादा असते.

आता हिशोब करून बघा. समजा, महिन्याचं औषध 200 दिरहमचं आहे. तुम्ही 60 भरता, विमा 140 भरतो. ही मर्यादा विम्याच्या हिश्श्यावर मोजली, तर दहा महिन्यांत 1400 संपतात. अकराव्या महिन्यात विम्याकडे 100च उरतात आणि बाराव्या महिन्यात पूर्ण 200 तुमच्या खिशातून जातात! तेच औषध 100 दिरहमचं असेल, तर विमा महिन्याला 70 भरतो. वर्षाचे झाले 840. म्हणजे मर्यादा वर्षभर पुरते.

म्हणून 'मला फक्त 60च द्यायचेत' एवढं बघून थांबू नका. ठरलेली किंमतही विचारा.

स्वस्त औषध कसं शोधायचं? पाकिटावर दोन नावं असतात. 'ग्लुकोफाज' हे कंपनीने दिलेलं नाव. 'मेटफॉर्मिन' हे औषधाचं मूळ नाव. त्याच मूळ नावाचं, तेवढ्याच ताकदीचं दुसऱ्या कंपनीचं औषध बरेचदा स्वस्त मिळतं. त्याला जेनेरिक म्हणतात.

भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांकडे इथला विमा नसेल, तर त्यांना पूर्ण किंमत द्यावी लागते. मग असं बोलणं होतं :

आजी : दोनशे दिरहम! अगं, रुपयांत किती झाले ते? त्यापेक्षा मी एक दिवसाआड गोळी घेईन.
नात : नको गं आजी, शुगर वाढेल ना. यातलं जेनेरिक आहे का, ते विचारूया.
आजी : पण त्याने गुण येईल का?
नात : औषध तेच असतं, कंपनी वेगळी. तरी बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारू.

नातीचं शेवटचं वाक्य विसरू नका. इन्सुलिन तर मनाने कधीच बदलू नये.

शब्दार्थ
चिठ्ठी – डॉक्टर औषध लिहून देतात तो कागद
सक्तीचा – घ्यावाच लागतो असा
हिस्सा – वाटा
एक दिवसाआड – एक दिवस सोडून एक दिवस
गुण येणे – औषधाने बरं वाटणे
मनाने – कुणालाही न विचारता

स्वाध्याय
1. औषध 150 दिरहमचं आहे. 30 टक्क्यांप्रमाणे तुम्ही किती भराल?
2. आजीला गोळी एक दिवसाआड का घ्यायची होती? त्यात धोका काय?
3. घरातल्या एका औषधाचं पाकीट बघा. त्यावरची दोन्ही नावं देवनागरीत लिहा.